वेबर ३२/३६ डीजीईव्ही कार्ब: जुन्या इंजिनला बसवून, सेट करून, वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकतो. दोन लिटरच्या आसपासचं जुनं चार सिलिंडर इंजिन असेल, मूळ कार्ब (कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) झिजून गेला असेल आणि त्याचे पार्ट मिळत नसतील तर वेबर ३२/३६ नक्की घेण्यासारखा आहे. गाडी परत गाडीसारखी चालायला लागते. फक्त खोक्यातून काढला, चार नट आवळले आणि गाडी पळाली असं होत नाही. कार्ब जितका चांगला तितकंच त्याच्या खालची प्लेट, पेट्रोलचं प्रेशर आणि स्लो जेट (इंजिन जागेवर किंवा हलक्या पायाने चालताना पेट्रोल मोजून देणारा बारीक भोकाचा तुकडा) बरोबर असणं महत्त्वाचं आहे, आणि या तीन गोष्टींवरच बहुतेक लोक वैतागून "वेबर बेकार आहे" म्हणत परत जुना कार्ब बसवतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं इंजिन ऐंशीच्या दशकातलं, दोन लिटर. मूळ कार्बचा थ्रॉटल (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणारी झडप) फिरवणारा शाफ्ट इतका झिजलेला की लिव्हर धरून हलवला की शाफ्ट बॉडीत खडखड करायचा. अशा वेळी शाफ्टच्या बाजूने हवा आत ओढली जाते, मिक्श्चर पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), स्लो (पाय न ठेवता इंजिन चालतं तो वेग) कितीही सेट करा सिग्नलला गाडी एकदा नीट उभी राहते आणि एकदा बंद पडते. ओव्हरहॉल किट टाकून याचा काही उपयोग होत नाही कारण किटमध्ये गॅस्केट, निडल, डायाफ्राम एवढंच असतं, बॉडीचं झिजलेलं भोक त्याने भरत नाही. बुश टाकून देणारा चांगला कारागीर मिळाला तर मूळ कार्बच वाचवा असं मी स्वतः सांगेन. मला तसा कोणी मिळाला नाही, शिवाय त्या कार्बवर व्हॅक्यूमच्या नळ्यांचं एवढं जाळं होतं की निम्म्या नळ्या कडक होऊन तडकलेल्या आणि कुठली कुठे जाते हेच कळायचं नाही.

आता वस्तूबद्दल. वेबर ही कंपनी एदोआर्दो वेबर यांनी १९२३ साली इटलीत बोलोन्याला सुरू केली, आता हे कार्ब स्पेनमध्ये बनतात. ३२/३६ म्हणजे पहिल्या बॅरलचा (हवा जाण्याच्या नळकांड्याचा) थ्रॉटल ३२ मिमी आणि दुसऱ्याचा ३६ मिमी, आतले व्हेंचुरी (बॅरलचा अरुंद गळा) २६ आणि २७. डीजीव्हीला हाताने ओढायचा चोक (थंड इंजिनला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून हवा अडवणारी पट्टी), डीजीएव्हीला कूलंटच्या पाण्याने चालणारा, डीजीईव्हीला इलेक्ट्रिक. बाकी कार्ब जवळपास तोच. फोर्डच्या दोन लिटर कॉर्टिना आणि काप्रीवर याच कुटुंबातला कार्ब कंपनीतूनच यायचा, म्हणजे या साइजच्या इंजिनला काय लागतं ते यात मुळातच बसवलेलं आहे.

यातली खरी मजा म्हणजे दोन बॅरल एकदम उघडत नाहीत. आधी ३२ वाला एकटा उघडतो, तो साधारण दोन तृतीयांश उघडला की मग लिंकेज दुसऱ्याला ओढायला सुरुवात करतं आणि पाय पूर्ण दाबला की दोन्ही सरळ उभे. म्हणजे गावात हळू चालवताना तुम्ही एका छोट्या बॅरलवर असता, हवेचा वेग चांगला राहतो, पेट्रोलचे कण बारीक होतात, पिकअप मऊ मिळतो, आणि घाट चढताना किंवा ओव्हरटेकला दुसरा बॅरल मदतीला येतो. बरेच जण विचारतात की त्यापेक्षा ३८ डीजीएएस का नको. त्याचे दोन्ही बॅरल ३८ चे आणि दोन्ही एकदमच उघडतात, तो तीन लिटर व्ही-सिक्ससारख्या इंजिनला शोभतो. साध्या, कॅम वगैरे न बदललेल्या दोन लिटरला रोजच्या वापरात ३८ लावू नका, खालचा पिकअप बोथट होतो.

एक सावधगिरी. बाजारात हुबेहूब दिसणाऱ्या नकला भरपूर आहेत. लांबून फोटोत फरक कळत नाही, हातात घेतल्यावर कळतो. अस्सल बॉडीवर नाव कास्टिंगमध्येच असतं, कडा साफ असतात, थ्रॉटल सोडला की प्लेट टक्कन बंद होते आणि उजेडाकडे धरून बघितलं तर प्लेटच्या भोवती सगळीकडे सारखी बारीक रेघ दिसते. नकलेत एका बाजूला उजेड जास्त दिसतो, आणि जेटवर आकडा काहीही कोरलेला असला तरी भोक त्याच मापाचं असेल याची खात्री नाही. जेटच्या आकड्यावर विश्वास नसेल तर पुढचं सगळं सेटिंग अंदाजपंचे होतं, म्हणून इथे पैसे वाचवू नका.

मी कार्ब पूर्ण किटमध्ये घेतला, म्हणजे कार्ब, ॲडॉप्टर प्लेट, गॅस्केट, एअर फिल्टर, केबलचं लिंकेज सगळं एकत्र. किट जुळवणारी कंपनी वेगळी असते हे लक्षात ठेवा. माझ्या किटमधला कार्ब एक नंबर होता, ॲडॉप्टर प्लेट मात्र यथातथाच. ॲडॉप्टर दोन भागांत येतो: खालची प्लेट मॅनिफोल्डवर (कार्बमधून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांच्या भागावर), वरची तिच्यावर, आणि त्याच्यावर कार्ब. प्लेट स्टीलच्या पट्टीखाली धरली तर मधून उजेड दिसत होता. अशी प्लेट तशीच बसवली तर हवा ओढणार म्हणजे ओढणार. जाड काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून, थोडं तेल लावून आठाच्या आकड्यात घासत बसलो, सगळीकडे सारखी चकाकी आली तेव्हाच थांबलो. कंटाळवाणं काम आहे पण या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात जास्त फायदा याच कामाचा झाला असं माझं मत आहे.

खालच्या प्लेटचे स्क्रू तर नीट बघाच. ते वरच्या प्लेटखाली झाकले जातात, नंतर दिसत नाहीत, आणि त्यातला एखादा सैल होऊन निघाला तर त्याला जायला एकच रस्ता आहे, सरळ इंजिनमध्ये. त्यामुळे प्रत्येक स्क्रूचे आटे थिनरने साफ करून थ्रेड लॉक लावूनच बसवा, निळा वाला, लाल नको, कारण लाल गरम केल्याशिवाय सहसा उघडत नाही. किटमधली गॅस्केटं पातळ वाटली तर चांगल्या जाडीच्या शीटमधून कापून घ्या. सिलिकॉन थापू नका, पेट्रोल लागून ते फुगतं आणि त्याचे तुकडे आत जातात. कार्बचे चार नट आडव्या-तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे. जोर लावून आवळलं तर बॉडीचा तळ वाकतो, थ्रॉटल अडकायला लागतो आणि वर हवा लीक होते ती वेगळीच. त्याऐवजी इंजिन दोन-चारदा गरम-थंड झालं की परत एकदा पाना लावा, तेव्हा थोडे थोडे फिरतातच.

मॅनिफोल्ड उघडा असताना त्याच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून ठेवा हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो.

पेट्रोलचं प्रेशर. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण अर्ध्या तक्रारी इथून येतात. या कार्बला साधारण अडीच ते साडेतीन पीएसआय लागतं, म्हणजे जेमतेम पाव बार. तुमचा मूळ मेकॅनिकल पंप त्याहून जास्त ढकलत असू शकतो आणि बाहेरचा इलेक्ट्रिक पंप लावला असेल तर जवळपास नक्कीच. जास्त प्रेशर आलं की फ्लोटची (कार्बच्या वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी राखणारा भाग) निडल सीटवर दाबून बसत नाही, वाटीतली पातळी वर जाते, आणि मग पेट्रोल मधल्या नोझलमधून आपोआप थेंब थेंब गळायला लागतं. लक्षणं अशी की स्लोला गाडी घुमते, प्लग काळे, एक्झॉस्टला पेट्रोलचा वास, गरम गाडी बंद करून लगेच चालू करायला गेलं की किती वेळ स्टार्टर मारावा लागतो. लोक मग जेट लहान करत बसतात, आणि रोग भलतीकडेच असतो. हे पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं ते तर इंजिनचा जीव घेणारं. म्हणून गेज लावून प्रेशर बघा, नुसत्या रेग्युलेटरच्या डायलवरच्या आकड्यावर जाऊ नका. माझ्याकडे डायल आणि गेज यांच्यात चांगलाच फरक निघाला आणि शेवटी गेज बघूनच तीनवर सेट केलं. मूळ गाडीला टाकीकडे परत जाणारी रिटर्न लाइन असेल तर ती बंद करून टाकण्यापेक्षा टी टाकून चालू ठेवलेली बरी, पेट्रोल फिरत राहतं, थंड राहतं, उन्हात व्हेपर लॉकचा (नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटण्याचा) त्रास कमी होतो.

पहिल्यांदा स्टार्ट करायच्या आधी पंप चालवून सगळे जोड हाताने कोरडे आहेत का बघा, नळ्या पेट्रोलसाठीच्याच वापरा, आणि आग विझवायचं सिलिंडर हाताच्या अंतरावर ठेवा. कार्बच्या कामात हे रोजचं असलं पाहिजे.

इलेक्ट्रिक चोकला एकच वायर असते आणि तिथेच शॉर्टकट मारला जातो. जवळ आहे म्हणून इग्निशन कॉइलच्या प्लसवरून घेतात. जुन्या गाड्यांत कॉइलच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर असतो, तिथे पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत, चोक अर्धवट गरम होतो, उशिरा उघडतो, आणि वर कॉइलचा करंट खातो. चावी चालू केल्यावरच १२ व्होल्ट येणारी वेगळी फ्यूजची लाइन शोधा. सकाळी स्टार्ट करताना ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडायचा, तेव्हा चोकची पट्टी बंद होते आणि फास्ट आयडलचा (थंड इंजिन जरा जास्त वेगात चालू ठेवणारा) कॅम जागेवर बसतो, मग चावी. हे माहीत नसलेला माणूस गाडी थंडीत चालूच होत नाही म्हणणार. चोकचं काळं झाकण तीन स्क्रूंवर फिरतं, थंड इंजिनला पट्टी नुकती मिटलेली आणि पूर्ण गरम झाल्यावर एकदम उभी, एवढं जमलं की सोडून द्या.

केबल आणि लिंकेज किटसोबतचं चाललं. एवढंच करा, इंजिन बंद ठेवून कोणालातरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि वरून आत बघा, दोन्ही प्लेट उभ्या होतात का. गालिच्यामुळे किंवा केबल ढिली असल्यामुळे दुसरा बॅरल अर्धाच उघडत असतो आणि माणूस म्हणत बसतो की ताकद वाढली नाही. रिटर्न स्प्रिंग मजबूत हवी. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी कार्बवरच्या पोर्टला, जिथे स्लोला व्हॅक्यूम नसतो. ब्रेक बूस्टरची मॅनिफोल्डवरच राहू दे, आणि उरलेली तोंडं नीट रबरी बूच लावून बंद.

आता सेटिंग. कार्बला हात लावायच्या आधी टॅपेट, प्लग, पॉइंट असतील तर पॉइंट, आणि टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) बघून घ्या, टायमिंग बघताना व्हॅक्यूमची नळी काढून बंद करून. टायमिंग मागे असलेली गाडी कार्बने कधीच सुधारत नाही.

मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, नंतर दोन आटे बाहेर. जोराने आत दाबला तर टोकाला खाच पडते. स्पीड स्क्रू पूर्ण मागे घेऊन लिव्हरला नुसता टेकवा आणि तिथून अर्धा ते एक आटा आत. इंजिन पूर्ण गरम करा, चोक पूर्ण उघडलाय ना बघा. मग मिक्श्चर स्क्रू हळूहळू आत, आरपीएम पडायला लागून इंजिन थरथरलं की थांबा, आणि पाव-पाव आटा बाहेर काढत जिथे इंजिन सगळ्यात वर आणि सगळ्यात शांत चालतं तिथे सोडा. रेस जास्त वाटली तर स्पीड स्क्रूने कमी करा आणि परत मिक्श्चर. कान पुरतात, पण व्हॅक्यूम गेज असेल तर काटा जिथे सगळ्यात वर आणि स्थिर तिथेच हे ठिकाण येतं.

खरी गंमत यापुढे आहे. सेट झाल्यावर आता दोन्ही स्क्रू किती आट्यांवर आहेत ते मोजा. मिक्श्चर स्क्रू अडीच आट्यांच्या पुढे गेला तर स्लो जेट लहान पडतोय, दीडच्या आत आला तर मोठा आहे. स्पीड स्क्रू दीड-दोन आट्यांपेक्षा जास्त आत गेला तर तेही बहुतेक वेळा जेट लहान असल्याचं किंवा कुठून तरी हवा येत असल्याचं लक्षण. कारण असं की थ्रॉटल प्लेटच्या जरा वर बॉडीत बारीक भोकं असतात, पाय ठेवल्या ठेवल्या पेट्रोल तिथून यायला सुरू व्हायचं असतं. स्पीड स्क्रूने प्लेट आधीच उघडून ठेवली तर ती भोकं स्लोलाच उघडी पडतात आणि पाय ठेवल्यावर द्यायला काही उरतच नाही. मग तो कुप्रसिद्ध गचका बसतो, पाय ठेवला की गाडी क्षणभर श्वास धरते आणि मग उचलते. ॲक्सिलरेटर पंपाची पिचकारी हा गचका थोडा झाकते, म्हणून काही जण पंपाचा जेट मोठा करत सुटतात. त्याने पेट्रोल जातं, गचका जात नाही.

माझ्याकडे नेमकं हेच होतं. किटमध्ये आलेला ५५ चा स्लो जेट, मिक्श्चर स्क्रू तीनच्या पुढे, आणि सपाट रस्त्यावर हलक्या पायाने एकाच वेगात चालवलं की गाडी पुढे-मागे आचके द्यायची, ज्याला सर्जिंग म्हणतात. हलक्या पायाने जाताना गाडी अजून मेन जेटवर (जास्त पाय दाबल्यावर पेट्रोल देणारा जेट) आलेलीच नसते, स्लो सर्किटवरच चालत असते, हे लक्षात घेतलं की कुठे बघायचं ते कळतं. ६० चा टाकला आणि आचके गेले, मिक्श्चर स्क्रू दोनच्या आसपास येऊन बसला. वेबरच्या जेटचा आकडा म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, ५५ म्हणजे ०.५५ मिमी. पाचचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो पण भोकाचं क्षेत्रफळ काढलं तर ५५ वरून ६० ला ते जवळजवळ १९ टक्क्यांनी वाढतं. तोच पाचचा फरक मेन जेटला, म्हणजे १४० वरून १४५, फक्त ७ टक्क्यांच्या आसपास. म्हणून मेन जेट एक पायरी बदलून काही कळलं नाही म्हणणारे आणि स्लो जेट एक पायरी बदलून गाडीच बदलली म्हणणारे, दोघंही बरोबर असतात.

बरं, या कार्बची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्लो जेट बाहेरूनच निघतात. बॉडीच्या बाजूला पितळी होल्डर आहेत, साध्या स्क्रू ड्रायव्हरने काढा, जेट ओढून काढा, दुसरा लावा, ओ-रिंग बघून परत बसवा, रस्त्याच्या कडेलाही होतं. मेन जेट मात्र वाटीच्या तळाशी, त्यासाठी वरचं झाकण काढावं लागतं आणि आधी चोकच्या दांडीची इवलीशी क्लिप सोडवावी लागते. ती क्लिप उडते. थेट बॅरलमध्ये पडू शकते, म्हणून आधी दोन्ही बॅरलच्या तोंडावर कापड.

शक्य असेल तर एक्झॉस्टला वाइडबँड सेन्सर लावून मिक्श्चरचा आकडा (पेट्रोलच्या एका भागाला किती भाग हवा) बघत चालवा. आरामात जाताना १४ ते १५, पूर्ण पाय दाबल्यावर साडेबारा ते तेरा, एवढं दिसलं की बास. आणि इथेनॉलवालं पेट्रोल वापरत असाल तर विसरू नका, शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला साधारण ९ च. इंजेक्शनची गाडी सेन्सर बघून स्वतः पेट्रोल वाढवते, कार्बचं भोक तेवढंच राहतं, त्यामुळे तोच जेट इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर पातळ वागतो. जुन्या फोरममधल्या नाही तर कोणाच्या तरी जुन्या जेटच्या यादीवर डोळे मिटून जाऊ नये याचं हे एक मोठं कारण.

आता चालवायला कशी आहे? सकाळी पहिल्या सेल्फला चालू. सिग्नलला आरपीएमची सुई हलत नाही. खालच्या गिअरमध्ये हळू जाताना इतकी गोडीने चालते की सारखा गिअर बदलावा लागत नाही, आणि चढावर पाय अर्ध्याच्या पुढे गेला की दुसरा बॅरल उघडल्याचा आवाज येतो, एक खोल घुर्र असा, आणि गाडी निघते. ॲव्हरेज झिजलेल्या कार्बपेक्षा सुधारला, पण धडधाकट मूळ कार्बपेक्षा जास्त मिळेल या आशेने घेऊ नका, आणि ताकदीच्या टक्केवाऱ्या सांगून विकणाऱ्यांचं तर मनावरच घेऊ नका. दुसऱ्या बॅरलचा आवाज आवडायला लागला की ॲव्हरेज पायावरच अवलंबून.

कोणी घेऊ नये तेही सांगतो. जिथे गाडीच्या तपासणीत मूळ ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनमध्ये सोडणारी यंत्रणा) आणि बाकी प्रदूषणाची उपकरणं जागेवर असावीच लागतात तिथे हा किट बसवला की ती काढली जातात आणि गाडी नापास होऊ शकते, आधी नियम वाचा. ज्यांच्या गाडीला कॉम्प्युटरने नियंत्रित होणारा कार्ब आहे त्यांनी इग्निशनचं टायमिंग त्याच कॉम्प्युटरवर आहे का ते आधी शोधावं, नाहीतर डिस्ट्रिब्युटरही बदलावा लागतो. आणि ज्यांना स्वतः हात घालायचा नाही आणि जवळ कार्ब कळणारा मिस्त्रीही नाही त्यांच्यासाठी हे प्रकरण नाहीच, आता नवीन मुलांना स्कॅनर लावता येतो पण स्लो सर्किट आणि मेन सर्किट कुठे एकमेकांना भेटतात ते ऐकणारे कान कमी होत चाललेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मार्क द्यायचे तर कार्बला दहापैकी नऊ, किटला सहा. किटचे मार्क प्लेट आणि माहितीपत्रकाने घालवले, कारण त्या कागदावर प्रेशरचा आकडा बारीक अक्षरात शेवटी आणि स्क्रूचे आटे मोजायची गोष्ट अजिबातच नव्हती. ऑर्डर करताना सोबत एक-एक पायरी वर-खालचे स्लो जेट, रेग्युलेटर, चांगलं गेज आणि दोन जादा बेस गॅस्केटं त्याच वेळी मागवून ठेवा. सर्व्हिसला गेलात की वरच्या झाकणाचे स्क्रू आणि एअर फिल्टरच्या तळाचे बोल्ट आठवणीने तपासून घ्या, कंपनाने सैल होतात आणि फिल्टरच्या आतला बोल्ट निसटला तर तोही बॅरलमध्येच जातो.